कोतवाल बुकातला सेंटर फॉरवर्ड

अमरावती, १ जुलै १९६२, रविवार

सूड घ्यायचा तर नियमाने घ्यावा, हे आज दाढी करता करता सुचलं आणि हनुवटीला कापलं.

मागच्या वर्षी अकोल्याने आम्हाला तीन-शून्य हरवलं. तिन्ही गोल त्यांच्या सेंटर फॉरवर्डचे. जानराव खंडारे त्याचं नाव. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला आहे. मॅच संपल्यावर अकोला फुटबॉल मंडळाचे सेक्रेटरी केशवराव माझ्याजवळ आले आणि चारचौघांत म्हणाले, "जवाईबापू, पान खा. तोंड कोरडं पडलं तुमचं." केशवराव माझ्या बायकोचे थोरले भाऊ. मी अमरावती मंडळाचा सेक्रेटरी. तेव्हापासून आमच्या घरात पान येत नाही.

गेला महिनाभर पेपरात वर्ल्ड कपच्या बातम्या होत्या. युरोपातल्या काही संघांतून दक्षिण अमेरिकेत जन्मलेले गडी खेळले. का, तर त्यांचे आजे-पणजे युरोपातले! त्यावरून मोठा वाद चालला आहे. जन्म कुठला, वंश कुठला, शर्ट कुठला? वस्तरा हातात होता तेव्हाच मनात आलं, की एवढा मोठा प्रश्न जगाला पडला आणि वऱ्हाडात कोणी विचारलाच नाही. जानराव खंडारे अकोल्याचा कशावरून?

४ जुलै, बुधवार

सापडला! मी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये तेवीस वर्षं काढली ती उगीच नाही. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, त्या सगळ्या माझ्या ताब्यात आहेत. जानराव जन्मला नांदगाव खंडेश्वरला, १९३८ साली. म्हणजे आपल्या जिल्ह्यात. मी इतक्या जोरात "आपला!" म्हणालो की शिपायाने पाणी आणून दिलं.

कौशल्येला जेवताना सगळी योजना सांगितली. जो ज्या जिल्ह्यात जन्मला, त्याने त्याच जिल्ह्याकडून खेळायचं. ती वरण वाढता वाढता म्हणाली, "अन् तुमच्याकडून कोन कोन खेळते?" बायकोने फुटबॉलमध्ये लक्ष घातलेलं पाहून बरं वाटलं. अकराच्या अकरा नावं सांगितली. कोणाच्या आईचं माहेर कुठलं हेही तिने विचारलं. बायकांना कशात गोडी वाटेल सांगता येत नाही.

दुपारी तिने आईला पत्र टाकलं म्हणे. आठवड्यातलं दुसरं.

८ जुलै, रविवार

मूर्तिजापूरला स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये दोन्ही मंडळांची बैठक. दोघांनाही सारखंच लांब पडतं म्हणून दरवर्षी तिथेच होते. मी नियम मांडला. केशवराव चिडतील, टेबलावर हात आपटतील असं धरून मी तीन पानांचं भाषण नेलं होतं. ते लागलंच नाही.

"लय चांगला नियम हाय," केशवराव म्हणाले. "फक्त पुरावा कोतवाल बुकाचाच धरा. तोंडी कोनाचं आयकू नका."

मी आनंदाने मान्य केलं.

"अन् 'खेळाडू' लिवलं हाय तिथं 'खेळाडू व पदाधिकारी' असं करा."

तेही केलं. मग माझ्या मनात आलं, ऐन वेळी कागदांत गडबड नको. म्हणून मी आपणहून चौथं कलम घातलं. मॅचच्या आधी प्रत्येक गड्याच्या जन्मनोंदीची नक्कल सेक्रेटरीने लाउडस्पीकरवरून वाचून दाखवावी, बापाच्या नावासकट, रकान्यामागून रकाना, एक अक्षर न गाळता. केशवराव म्हणाले, "वा!"

इतका भोळा माणूस सेक्रेटरी कसा झाला, हा विचार गाडीत बडनेऱ्यापर्यंत पुरला.

१३ जुलै, शुक्रवार

आमच्या पोरांच्या नकला काढायला बसलो. मोतीराम नाही. मोतीराम आमचा लेफ्ट इन, पाच पिढ्या अमरावतीच्या, त्याच्या आज्याच्या नावाची गल्ली आहे. आणि अमरावतीच्या बुकात त्याचा जन्म नाही. गोलकीपर नाही. दोन्ही बॅक नाहीत. मला वाटलं वाळवीने खाल्लं.

१४ जुलै, शनिवार

सात. अकरातले सात गेले. पहिले दोन तास मी रजिस्टरांनाच दोष देत होतो. शेवटी घरी येऊन डोकं धरून बसलो तेव्हा कौशल्या म्हणाली, "अवो, पयलं बाळंतपन माहेरी असते. हे तुमाले ठाऊक नाई काय?"

ठाऊक होतं. पण ते असं फुटबॉलच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडच्या निम्म्या सुना अकोल्याकडच्या. मूर्तिजापूर, कारंजा, अकोट, बाळापूर. सातही पोरं घरातली थोरली, आणि सातही मामाच्या घरी जन्मलेली. म्हणजे माझ्याच नियमाने माझे सात गडी अकोल्याचे झाले.

"मंग बैठकीच्या आधी सांगितलं काहून नाही?" असं मी विचारलं, रागात माझीही भाषा घसरते. ती म्हणाली, "तुमी इचारलं होतं काय?"

१७ जुलै, मंगळवार

केशवरावांचं पत्र. 'आपले सात खेळाडू आमच्या संघात आनंदाने सामावून घेत आहोत.' खाली सातही नावं आणि पुढे प्रत्येकाच्या मामाचं गाव. मी या सात नावांची वाच्यता मंडळातसुद्धा केली नव्हती! फक्त आमचे ट्रेनर पुंजाराम यांना सांगितलं होतं, आणि घरी. पुंजारामवर पाळत ठेवली पाहिजे. ते मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेले होतेच.

अकोल्याचेही तिघे नियमाप्रमाणे आमच्याकडे येतात. एक राखीव गोलकीपर, एकाचा पाय मोडलेला, तिसरा जानराव. ठीक आहे. जानराव आहे ना!

२३ जुलै, सोमवार

गेल्या बुधवारी नवी तोड काढली. जन्म नको, आजा धरू. जगात चाललंच आहे तसं. मोतीरामचा आजा अमरावतीचा, म्हणून मोतीराम परत आला. मग पुढचे तपासले. राइट हाफचा आजा जोधपूरकडून कापसाच्या व्यापाराला धामणगावला उतरलेला. सेंटर हाफचा आजा हैदराबादच्या निजामाच्या पलटणीत. आणखी एकाच्या आज्याबद्दल घरात दोन मतं आहेत, आणि त्याची आजी मला खोलात जाऊ नका म्हणाली.

तरी सूचना लिहून ठेवली. कौशल्येने स्वच्छ अक्षर हवं म्हणून नक्कल करून दिली. आज दुपारी मी ती टपालात टाकायला निघालो, तर दारातच पोस्टमन. केशवरावांचं कार्ड. 'आज्याचा नियम आम्हांस मंजूर नाही.'

माझं पाकीट तोवर माझ्याच हातात होतं. पुंजाराम हा भयंकर माणूस आहे.

२९ जुलै, रविवार. अकोला

आज जानरावला भेटलो. जिनिंगच्या मागे मजुरांच्या खोल्या आहेत, त्यातल्या एका खोलीसमोर तो बूट शिवत बसला होता. चोवीस वर्षांचा, उंच, बोलायला कमी. मी नाव सांगितलं तसा उठून बाज पुढे केली.

"मोहोडबाबू, तुमच्याकडून खेळाले मले काई वाटत नाई," तो म्हणाला. "माय नांदगावलेच राह्यते. अमरावतीले खेळलो तर पाहाले येईन ती. तिनं माहा खेळ पायलाच नाई कधी."

मला इतकी सोपी गोष्ट अपेक्षित नव्हती. खिशातून नक्कल काढून त्याच्या हातात दिली. "ही तुझी. मॅचच्या आधी भोंग्यावर वाचीन मी."

त्याने वाचली. सावकाश, ओठ हलवत. मग परत घडी केली, तशीच, माझ्याच घड्यांवर.

"हा जान्या कोन?"

"म्हणजे तूच की. जान्या वल्द देव्या."

"अन् ह्या रकान्यात जे लिवलं हाय, ते तुमी दोन हजार मानसाईसमोर वाचनार?"

मी म्हणालो, सगळ्यांचंच वाचणार आहे, नियम सर्वांना सारखा. म्हणताना बरोबर वाटलं होतं.

"माह्या बापाचं नाव देवमन. कोतवाल होता तो. साऱ्या गावात कोन जन्मलं, कोन मेलं, हे त्यानंच घरोघरी फिरून पाटलाले सांगितलं. पाटलाच्या पोराचं नाव पंतासारखं लिवलं, अन् माह्यं असं. जुनं गेलं ते सारं, बाबू. माह्या जन्माचं इचारता तर लिवा. नागपूर, चौदा आक्टोबर छपन. त्या दिवशी लाखो लोकं जन्मले तिथं, त्यातला मी एक."

"पण कोतवाल बुकात—"

"कोतवाल बुकातला जान्या खेळवा मंग," तो म्हणाला आणि बूट हातात घेतला. "तो चांगला खेळत असन तर."

चहा मात्र पाजला त्याने. मी घेतला. हे लिहून ठेवतो, कारण घेताना एक क्षण थांबलो होतो, आणि मी थांबलो ते त्याने पाहिलं.

५ ऑगस्ट, रविवार

नक्कल टेबलावर पडून आहे. कौशल्येने वाचली. वाचून घडी घातली आणि आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून एवढंच, "हे लावडस्पीकरवर?"

"चौथं कलम आहे."

"कोनं घातलं?"

मी पेपर वाचायला घेतला.

जानराव नसेल तर उरलेले चार घेऊन मी काय करणार? गल्लोगल्ली धाकटे भाऊ शोधतो आहे. काल एका घरात म्हणालो, "धाकटा पाहिजे, थोरला नको," तर त्यांनी मुलगी पाहायला आलोय समजून पोहे केले. ते चौघे धरून आतापर्यंत नऊ जमले. त्यातले तिघे आजवर फक्त क्रिकेट खेळले आहेत, एक तालमीतला पैलवान आहे आणि चेंडूवर त्याचा राग दिसतो.

१९ ऑगस्ट, रविवार

सविस्तर लिहितो. नंतर कोणी विचारलं तर आठवण चुकायला नको.

मैदान भरलेलं. रेफरी रेल्वेतले, कडक माणूस, संध्याकाळची गाडी पकडायची म्हणून आल्यापासून घड्याळ बघत होते. अकोल्याच्या पिवळ्या शर्टांत आमची सात पोरं. मोतीराम माझ्याकडे बघून ओशाळं हसला. त्याची आई बाजूला बायकांत बसलेली. तिला मी नमस्कार केला तर म्हणाली, "भाऊ, मी पयलं बाळंतपन माहेरी केलं यात माह्यी काय चूक झाली?" भोवतालच्या बायका फिसकन हसल्या. कौशल्याही त्यांतच होती.

नकला वाचायला सुरुवात केली. अकोल्याच्या झाल्या, माझ्या नऊ झाल्या. पब्लिक जांभया देत होतं. आता दहावी. जानराव साध्या सदऱ्यात सीमारेषेच्या बाहेर उभा होता. तो आला होता. त्याच्यामागे, खाली गवतावर, पांढऱ्या लुगड्यात एक म्हातारी बसली होती. ती त्याची आई दुर्गाबाई असणार, हे विचारावं लागलं नाही. चेहरा तोच.

नक्कल माझ्या हातात होती. तेवीस वर्षांत मी कुठल्याही नोंदीचा काना-मात्रा बदललेला नाही. साहेबांनी सांगून बदलला नाही, शेजाऱ्याने हात जोडून बदलला नाही. भोंग्यात माझाच श्वास मला ऐकू येत होता. ती नक्कल खिशात गेली. कशी गेली ते सांगता येत नाही.

"जानराव देवमनराव खंडारे," मी वाचलं. हातात कागद नव्हता. "जन्मठिकाण नागपूर. जन्मतारीख चौदा ऑक्टोबर एकोणीसशे छपन्न."

मैदानाच्या पूर्वेच्या अंगाला, जिथे झाडाखाली बरीच माणसं निळी निशाणं घेऊन आली होती, तिथून जी आरोळी उठली ती लाउडस्पीकरपेक्षा मोठी होती. टाळ्या थांबेनात. रेफरीने माझ्याकडे पाहिलं. "सहा वर्षांचा?"

"वयापेक्षा थोराड आहे," मी म्हणालो.

आता केशवराव पुढे आले. मला वाटलं हरकत घेणार, आणि कायद्याने त्यांचंच बरोबर होतं. त्यांनी जानरावकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या म्हातारीकडे.

"म्हंजे हा ना तुमचा ना आमचा," ते रेफरीला म्हणाले. "यालेच इचारा."

जानराव दोन्हीकडचे शर्ट मोजल्यासारखे बघत राहिला. "ज्याईचे कमी हायेत त्याईच्याकडून," तो म्हणाला आणि माझ्या हातातला निळा शर्ट घेतला. केशवराव जानरावच्याच जिनिंगचे हेडक्लार्क. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "सोमवारी पयल्या पाळीले ये मंग. खाडा चालत नाई मले."

एवढ्याने भागलं नाही. "एक नक्कल राहिली," म्हणत केशवरावांनी खिशातून कागद काढला आणि भोंगा माझ्या हातून घेतला. "खुशालराव महादेवराव मोहोड, पदाधिकारी. जन्मठिकाण मूर्तिजापूर, जिल्हा अकोला."

मी थोरला. माझी आई मूर्तिजापूरची. रजिस्टरांच्या ढिगात जन्म काढला आणि स्वतःचं पान कधी शोधलं नव्हतं! माझी खुर्ची दोघांनी उचलून अकोल्याच्या मांडवात नेऊन ठेवली. मी तीत बसलेलाच होतो. पुंजाराम इतके हसत होते की माझा संशय पक्का झाला.

मॅच काय सांगावी. पिवळ्यातली आमची पोरं सवयीने निळ्यांना पास देत होती आणि मग शिव्या खात होती. पब्लिकला ओरडायचं कोणासाठी ते कळेना. मोतीरामने चुकून एक गोल केला, आमच्यावर, आणि डोक्याला हात लावून माफी मागितली. पैलवानाने एकदा चेंडू असा हाणला की तो परत यायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या हाफमध्ये जानरावने तिघांना चुकवत नेऊन डाव्या कोपऱ्यात बॉल मारला. गोलकीपर आमचाच, त्याने उडी मारली तीसुद्धा कौतुकाने मारल्यासारखी. एक-एक. मी अकोल्याच्या मांडवात उभा राहून टाळ्या वाजवत होतो. कोणी मला बसवलं नाही.

शेवटच्या मिनिटात मोतीरामचा दुसरा. यावेळी चुकून नव्हता. अकोला दोन, अमरावती एक.

जानराव सरळ आईकडे गेला. ती त्याचे गुडघे चाचपत होती, फुटले का म्हणून. गोलाबद्दल काही विचारताना दिसली नाही.

२१ ऑगस्ट, मंगळवार

आमच्या अध्यक्षांना रिपोर्ट हवा आहे. चार वेळा लिहिला, चार वेळा फाडला. दोन्ही गोल अमरावतीच्या पोराने केले म्हणून अमरावती हरली. अकोल्याच्या कामगाराने अमरावतीची लाज राखली, आणि तो कागदोपत्री नागपूरचा, वय वर्षे सहा. शेवटी लिहिलं, 'सामना खेळीमेळीत पार पडला.'

नियम रद्द करण्याची सूचना मीच मांडणार आहे. जो जिथे कामधंदा करतो, राहतो, तिथून खेळेल. कौशल्या म्हणाली, दादाची हरकत नसेल. तिला कसं ठाऊक, विचारलं. म्हणाली, "भाऊ हाय माहा. अंदाज असते."

पुंजारामशी मात्र मी अजून नीट बोलत नाही. मंडळाच्या गोष्टी यापुढे घराबाहेर बोलायच्या नाहीत, असं ठरवलं.

२६ ऑगस्ट, रविवार

सकाळी दारात जानराव आणि दुर्गाबाई. नांदगावच्या गाडीला अजून वेळ होता, म्हणून आले म्हणाले. मी बैठकीत बसवलं. कौशल्येने पाहुण्यांसाठीचे कप काढले, ज्यांतून कलेक्टर कचेरीचे हेडसाहेब पितात ते. माझी आई असती तर काय झालं असतं, ते इथे लिहीत नाही. मलाही थोडं अवघडलं, हे लिहितो.

जानराव खाली बघत म्हणाला, "बाबू, तो कागद हाय काय? का फाडला?"

फाडला नव्हता. सदऱ्याच्या खिशातच होता, धुवायला टाकताना काढून ठेवला होता. मला वाटलं, समोर जाळायचा असेल. मी काडेपेटीसुद्धा हाताशी घेतली.

"मले नाई," तो म्हणाला. "मायले पाहाचा हाय."

दुर्गाबाईंनी कागद गुडघ्यावर पसरला, हाताने सरळ केला. त्यांना वाचता येत नाही. "ह्याच्यात याच्या बापाचं नाव हाय म्हंते जान. कुठीसा हाय?"

मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसल्या.

"फोटू नाई त्याईचा एकबी. सई येत नोती. साऱ्या गावाचं जन्म-मरन सांगत जात होते पाटलाले, पन सोताचं नाव कुठी लिवलेलं मी पायलंच नाई." मग मान वर करून म्हणाल्या, "काय लिवलं हाय, वाचा बरं."

बोटाखाली 'देव्या' होतं. जानराव माझ्याकडे बघत होता.

"देवमनराव," मी वाचलं.

"बराबर," म्हातारी म्हणाली. बोट तसंच होतं. "आनखी एक खेप वाचा."

मी पुन्हा वाचलं.